काल हिनेच काच पुसली होती

६ जानेवारी, मंगळवार

वर काय लिहावं यातच दोन कागद वाया गेले. ‘मुंगी’ ही तुझ्या आईची हाक, ती माझ्या हाताने लिहवत नाही. पूर्ण नाव लिहिलं तर पाणीपुरवठा खात्याची नोटीस वाटते. तेव्हा तशीच सुरुवात करते. मी लॅबवाली बाई. मी घरात आले त्या पहिल्या दिवशी तू मला हे नाव दिलंस. पुढे त्यातलं ‘लॅबवाली’ गळलं आणि नुसतं ‘बाई’ उरलं.

पत्र तुझ्या मावशींच्या पत्त्यावर टाकतेय. त्या ते तुला देतील की चुलीत घालतील, हा त्यांचा प्रश्न. पंधरा वर्षांत मी त्यांना एकदाही फोन केलेला नाही, त्यामुळे तक्रारीला तोंड नाही.

बाबांबद्दल कळवायचं होतं. घाबरू नकोस, आहेत. हृदय उत्तम, गुडघे माझ्यापेक्षा बरे. पण गेली दोन वर्षं ते विसरायला लागलेत. आधी किल्ल्या, मग वार, मग माणसं. उभा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला, आणि आता आपल्याच इमारतीच्या लिफ्टमध्ये उभे राहून कुठलं बटण दाबायचं ते शेजाऱ्यांना विचारतात. गंमत म्हणजे लिफ्ट हलली की कान देऊन सांगतात, ‘वरची कप्पी कोरडी पडलीय, तेल मागतेय.’ तपासलं की ते खरं निघतं.

दिवसभर एक नर्सबाई असतात. मी अजून पाणीपुरवठ्याच्या लॅबमध्ये नोकरीत आहे, निवृत्तीला दहा महिने राहिलेत. संध्याकाळी साडेसहाला घरी पोचते. तेव्हा बाबा मला तुझ्या आईच्या नावाने हाक मारतात. डॉक्टर म्हणाले, दुरुस्त करत बसू नका, ते घाबरतात. म्हणून मी ‘ओ’ देते. परवा मला जवळ बसवून हळूच विचारलं, “ती लॅबवाली बाई गेली का?” मी म्हटलं, गेली. तर म्हणतात, “बरी आहे तशी. पण पोरीशी बोलत नाही गं.”

मी उठून कणीक मळायला गेले.

आता ज्याच्यासाठी पत्र लिहितेय ते. दिवाणखान्यातली माशांची काचेची टाकी अजून तिथेच आहे. तू गेल्यावर ती कोणी हलवली नाही. बाबांनी हलवली नाही आणि मला हलवायची छाती झाली नाही. पाण्याची जुनी पातळी होती तिथे आत पांढरी रेघ उमटलीय, क्षाराची. माझ्या कामातलीच ती गोष्ट, दोन थेंब आम्ल लावलं की निघाली असती. लावलं नाही.

आठवड्यापूर्वी नर्सबाईंनी मला टाकीत मुंग्या दाखवल्या. बाबा रोज दुपारी चिमूटभर खाद्य घेऊन कोरड्या टाकीपुढे उभे राहतात आणि वरून टाकतात. खाद्य कुठलं, तर पावाचा चुरा. मग वाकून बघतात आणि मोजतात. नर्सबाई सांगत होत्या, त्यांना ते सगळे दिसतात. कोण वर आलं, कोण झाडाआड गेलं, कोणाचं पोट भरलेलं नाही, ते त्यांना नीट सांगतात. नर्सबाई धीट आहेत, पण म्हणाल्या की त्या वेळी त्या स्वयंपाकघरात जाऊन उभ्या राहतात.

मला एकच विचारायचं होतं. त्या टाकीत नेमके कोण कोण होते, ते कळवशील का? बाबांच्या मोजणीचा आणि माझ्या आठवणीचा मेळ बसत नाही. टाकी पुन्हा भरावी असं मनात आहे. निदान खाद्य पाण्यात तरी पडेल.

त्या वेळी पाणी बिघडलं आणि जे व्हायचं ते झालं. तुला सगळं माहीतच आहे, उगाळत नाही.

तुझी,
बाई


२८ जानेवारी, बुधवार

उत्तर आलं नाही. मी धरूनही चालले नव्हते. पत्र परत आलं नाही, एवढ्यावर दुसरं लिहितेय.

टाकी भरली. बसस्टॉपमागच्या गल्लीत माशांचं एक अरुंद दुकान आहे. मालक साठीचा, गळ्यात चष्म्याची दोरी, आणि गिऱ्हाइकाचीच उलटतपासणी घेणारा. मी म्हटलं, अमुक मासे हवेत. तो म्हणाला, “तुम्हाला कुठले आवडतात ते राहू द्या. घरात आधी कोण आहे ते सांगा.” मी म्हटलं, कोणी नाही. तर म्हणाला, मग घाई कशाला, आधी पाणी पिकू द्या, माशांना मानवेल असं होऊ द्या.

घरी येऊन त्याने सांध्यांना नवं सील मारलं. खाली वाळू पसरली, एक ओंडका ठेवला, झाडं लावली. जुन्या चालत्या टाकीतला स्पंज आणून गाळणीत बसवला, म्हणजे त्यातल्या जिवाणूंमुळे पाणी लवकर तयार होईल म्हणाला. पुढचे बारा दिवस मी रोज लॅबमधून घरी येऊन पुन्हा लॅबच केली. अमोनिया, नायट्राइट, आम्लता. आकडे वहीत. क्लोरीन मात्र मी तीन-तीनदा बघत होते. शून्य आलं तरी पुन्हा बघत होते. नर्सबाई म्हणाल्या, अहो मासे सोडायचेत की बाळाला आंघोळ घालायचीय?

पंप सुरू केला त्या संध्याकाळचं सांगते. इतक्या वर्षांनी घरात ती घरघर झाली आणि बाबा आतल्या खोलीतून बाहेर आले. त्यांनी टाकीकडे नाही पाहिलं. तुझ्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. म्हणाले, “आली वाटतं शाळेतून.” आणि दाराशी जाऊन उभे राहिले. त्या खोलीत आता शिलाई मशीन आणि कपाट आहे. दार मी उघडलं नाही. ते तसेच उभे होते, पाऊण तास तरी. मी टाकीपुढे बसून होते. माझी दाराकडे पाठ होती, आणि खरं सांगते, मागे वळून बघायचा धीर झाला नाही. आतून तू बोलशील असंच वाटत होतं.

आता कोण कोण आहे ते ऐक. निऑन दहा. एंजल दोन. तळाशी वाळू उपसणाऱ्या त्या मिशाळ मासोळ्या चार. काच चाटणारा सकर एक. तू उत्तर दिलं नाहीस, म्हणून आठवतील तसे आणले.

तू मला शिकवलं होतंस. मी नवीनच आले होते, तू अकरा वर्षांची. बाबा कामावर गेले होते आणि आपल्या दोघींना एकमेकींशी काय बोलावं ते कळत नव्हतं. तू स्टूल ओढलंस आणि शाळेतल्या बाईंसारखी काठी घेऊन शिकवायला लागलीस. वरचे वर राहतात, मधले मध्ये, तळाचे तळाशी. प्रत्येकाचा मजला ठरलेला, म्हणून भांडण नाही. निऑन एकटा ठेवला तर खंगून मरतो, त्याला कळप लागतो. एंजल लहानपणापासून निऑनमध्ये वाढला तर त्यांना खात नाही, मोठा झाल्यावर आणून सोडला तर खातो. आणि नवा मासा आणला की आधी दगडांच्या जागा बदलायच्या, म्हणजे जुन्यांनाही घर नवं वाटतं आणि ते नव्याला हुसकावत नाहीत. हे सगळं आईने सांगितलंय, असं शेवटी म्हणालीस.

मी विचारलं, सकर कुठल्या मजल्यावर राहतो? तू म्हणालीस, तो लिफ्टवाला आहे, बाबांसारखा, सगळीकडे जातो.

त्या दिवशी आपण दोघी हसलो होतो. एवढं एक मला पक्कं आठवतं.

बाबा आता खऱ्या माशांना खाद्य घालतात. मोजतात आणि दरवेळी माझ्यापेक्षा एक जास्त मोजतात. मी सतरा म्हणते, ते अठरा. मी कोण राहिलं म्हणून विचारलं, तर ओंडक्याखाली बोट दाखवलं. मी विजेरी घेऊन बघितलं. तिथे काही नव्हतं.

बाई


२२ फेब्रुवारी, रविवार

आज सगळं लिहिणार आहे. सकाळी नर्सबाईंना सुट्टी, बाबा खुर्चीत झोपलेत, आणि मी टाकीकडे पाठ करून बसलेय.

दुकानदाराने बजावलं होतं, टायगर बार्ब नेणार असाल तर आठ-दहा न्या, नाहीतर एकही नको. पट्ट्यापट्ट्यांचा, चपळ, दिसायला झकास मासा. मी तीनच नेले. टाकीत तेवढीच जागा होती आणि मला वाटलं, तिघं काय करणार. आठवड्याभरात एंजलचे लांब, पाकळ्यांसारखे पर झिरझिरीत झाले. एक तर पाण्याच्या वरच्या कोपऱ्यात तिरपी होऊन नुसती टांगल्यासारखी राहायची. दुकानदार म्हणाला, “कळपात असले की आपसांत खेळतात, दुसऱ्याच्या वाटेला जात नाहीत. कमी पडले की चावतात. स्वभाव वाईट नसतो हो, भेदरलेले असतात.”

ते सांगणं बरोबर असेल. पण एंजलच्या पाकळ्या फाटायच्या त्या फाटल्याच.

गुरुवारी मी घरी आले तेव्हा बाबा टाकीच्या काचेला कपाळ टेकून उभे होते. मला म्हणाले, “हिला कोणीतरी त्रास देतंय. घरातल्या मोठ्या माणसांना दिसत नाही का?” आणि रडायला लागले. मी जाळी घेतली, तिन्ही बार्ब पकडले आणि तशीच पिशवी घेऊन दुकानात परत देऊन आले. परत येताना रस्त्यात ठरवलं की तुला लिहायचं.

पहिल्या पत्रात मी विचारलं, टाकीत कोण कोण होते. ते खोटं होतं. मला एकूण एक ठाऊक होते. मी त्यांना बादलीत मोजलं होतं. सतरा.

तुला आठवत असेल, मासे मेले त्या आठवड्यात मोठी जलवाहिनी फुटली होती. दुरुस्तीनंतर आठ दिवस पाण्यात क्लोरीन वाढवला होता. तो आकडा लॅबच्या नोंदवहीत माझ्याच अक्षरात आहे. शहरात ज्या पाच-सहा माणसांना तो माहीत होता त्यांतली मी एक.

आदल्या संध्याकाळी तू मैत्रिणीशी फोनवर बोलत होतीस. तिने माझ्याबद्दल काही विचारलं असणार. तू म्हणालीस, “ती? ती आमच्याकडे राहते.” दुष्टपणे नाही म्हणालीस, सहज म्हणालीस. मी पलीकडे कपड्यांच्या घड्या करत होते. त्याआधी तुझ्या वाढदिवसाला मी एक निळी गोरामी मासोळी आणली होती, तुला ते माहीतही नाही. बाबांनी जिन्यातच पिशवी पाहिली आणि म्हणाले, त्या टाकीत आता नवीन कोणी नको, ती आहे तशीच राहू दे. ती गोरामी माझ्या लॅबमध्ये बरणीत राहिली आणि तिथेच मेली. हे मी सबब म्हणून सांगत नाही. माझ्या मनात काय साठलं होतं ते तुला कळावं म्हणून सांगतेय. तुझ्या आईवर मला राग नव्हता. पण घरात शिरलं की आधी तिची ती टाकी दिसायची आणि आपण पाहुणे आहोत असं वाटायचं. तीन वर्षं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू शाळेत गेलीस, बाबा कामावर. तू आदल्या दिवशी काच पुसली होतीस, त्याने तळाचा गाळ उठून पाणी थोडं गढूळ होतं. मला वाटलं, निम्मं पाणी बदलून टाकू. नळी लावून काढलं आणि दुसरी नळी थेट नळाला लावली. नळाच्या पाण्यातला, माशांना न सोसणारा क्लोरीन घालवायच्या थेंबांची बाटली टाकीवरच्या फळीवर होती. माझ्या डोळ्यांसमोर होती. मी तिच्याकडे पाहिलं. हात उचलला नाही.

तू मला विचारशील, विसरलात की मुद्दाम केलंत? पंधरा वर्षं मी स्वतःला हेच विचारतेय. मारायचंच असं ठरवून केलं नाही, हे नक्की. विसरले, हे मात्र खोटं. ‘एवढ्याने काय होतंय’ असं काहीतरी मनात आलं असावं, आणि होणार आहे हे माझ्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं.

पण खरी गोष्ट त्याच्या पुढची आहे. टाकी भरली, मी नळी गुंडाळली, हात पुसले. तेवढ्यात निऑन वर आले. सगळेच्या सगळे, पृष्ठभागाला तोंडं लावून. मग तळाच्या मासोळ्याही वर यायला लागल्या. तळाचा मासा तसा वर का येतो ते मला समजत होतं. थेंब टाकले असते तर निम्मे तरी वाचले असते. बाटली हातभर अंतरावर. सव्वाआठ झाले होते. मी चपला घातल्या, दाराला कुलूप लावलं आणि कामावर गेले.

बसमध्ये बसायला जागा मिळाली होती. मी उभीच राहिले.

पुढचं तुला माहीत आहे, पण माझ्या बाजूचं माहीत नाही. तू आधी घरी आलीस. मी आले तेव्हा तू टाकीपुढे जमिनीवर बसली होतीस, हाक मारली तरी वळली नाहीस. मग बाबा आले. त्यांनी विचारलं, पाण्याला कोणी हात लावला होता? तू माझ्याकडे पाहिलंस. संशयाने नाही, मोठ्या माणसाकडे बघतात तसं. मी म्हटलं, “काल हिनेच काच पुसली होती.”

त्यात एक शब्द खोटा नव्हता. माझं सगळं आयुष्य नमुने तपासण्यात गेलंय, असलेलं लिहायचं, नसलेलं लिहायचं नाही. मी तेच केलं, असं मी इतकी वर्षं स्वतःला समजावलं.

बाबांनी तुला मारलं. तोवर त्यांनी कधी हात उचलला नव्हता. आणि म्हणाले ते तर माराहून वाईट होतं, की तुझ्या आईची एवढीच एक जिवंत गोष्ट घरात उरली होती. तू दार लावून घेतलंस आणि आतून एकच सांगत राहिलीस, “मी साबण नव्हता लावला. मी नुसता कपडा फिरवला.” आठ दिवस तेच. जेवायला बोलावलं तरी तेच. मग मावशी येऊन तुला घेऊन गेल्या.

तू नुसता कपडा फिरवला होतास. साबण नव्हताच. मला माहीत होतं.

ते वाक्य मला अजून ऐकू येतं. आंघोळीच्या पाण्याची बादली भरताना येतं, लॅबमध्ये नळ सोडला की येतं. पूर्वी वाटायचं पंपाच्या आवाजामुळे होतं. मग पंप पंधरा वर्षं बंद होता, तरी येत होतं.

क्षमा कर असं लिहिणार नाही. तो कागद आधीच फाडला.

बाई


१५ मार्च, रविवार

बाबांनाही सांगितलं.

तुला लिहून मी मोकळी झाले आणि ते तसेच राहिले, हे बरं वाटेना. एका संध्याकाळी त्यांची तंद्री जरा चांगली होती. चहा पीत माशांकडे बघत बसले होते. मला नेहमीप्रमाणे तुझी आई समजत होते. मी पहिल्यापासून सांगितलं. पाइप फुटल्यापासून चपला घालेपर्यंत. ‘मी’ म्हटलं तर त्यांना कळेना, म्हणाले, “तू कशी? तू तर तेव्हा गेली होतीस.” म्हणून मग म्हटलं, ते त्या लॅबवाल्या बाईने केलं.

ते माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, “ती? छे. ती तशी नाही.”

मी म्हटलं, “ती तशीच आहे. तिने पाहिलं आणि निघून गेली.”

 मग त्यांनी कप खाली ठेवला आणि उजवा हात उलटासुलटा करून बघितला. “मग मी पोरीला का मारलं?”

 त्यांना उत्तर हवं होतं. तीन-चारदा विचारलं. मग उठले, शर्ट बदलला, बूट घातले आणि म्हणाले, चल, तिला घेऊन येऊ. दारापर्यंत गेले. दारात विसरले. कुठे निघालो होतो म्हणून मला विचारलं.

दुसऱ्या दिवशी सगळं पुसलेलं. मी पुन्हा सांगितलं. पुन्हा तसंच, ‘ती तशी नाही’, हात बघणं, बूट. तिसऱ्या दिवशी पुन्हा. असं पाच दिवस. सहाव्या दिवशी मी घरी आले तर नर्सबाई पर्स खांद्याला लावूनही थांबल्या होत्या. म्हणाल्या, दुपारभर ते अस्वस्थ असतात, कशामुळे ते त्यांना सांगता येत नाही. “तुम्ही त्यांना रोज सांगता ते त्यांच्यासाठी नाही सांगत. तुमच्यासाठी सांगता.” एरवी त्या मला ताई म्हणतात. त्या दिवशी म्हणाल्या नाहीत.

मी बंद केलं.

एक मात्र राहिलं. बाकी सगळं धुऊन गेलं. पाइप, क्लोरीन, कोणी केलं, कधी केलं, त्यातलं काही त्यांच्यापाशी नाही. पण परवा खाद्य घालता घालता आपल्याशीच म्हणाले, “आमच्या मुलीने काही केलं नव्हतं.” काल पुन्हा म्हणाले. शेजारच्या वकिलांना लिफ्टमध्ये सांगितलं. वकील गोंधळून मला म्हणाले, कसली केस आहे का?

एंजलच्या पाकळ्या भरून येतायत. नवीन आलेला भाग काचेसारखा पारदर्शक असतो, मग हळूहळू रंग धरतो.

बाई


९ एप्रिल, गुरुवार

तू येऊन गेलीस हे मला नर्सबाईंकडून कळलं. त्यांनी मंगळवारी संध्याकाळी मी चपला काढायच्या आत सांगितलं. तिशीच्या आसपासची बाई आली होती, नाव सांगितलं नाही, ओळखीची आहे म्हणाली, तास-दीड तास बसली. मी आणखी काही विचारायच्या आधीच त्यांनी सांगितलं की हनुवटी बाबांची आहे.

त्यांना दोष देऊ नकोस. त्या दाराआडून ऐकत होत्या, कारण अनोळखी माणसाबरोबर पेशंटला एकटं सोडता येत नाही. त्यांनी ऐकलं तेवढंच मला ठाऊक आहे. तरी लिहिते, कारण मला हे कळलंय हे तुला कळायला हवं. एकदा बोलायचं टाळून काय झालं ते आपण पाहिलंय.

त्या म्हणाल्या, बाबांनी तुला ओळखलं नाही. तू टाकीशेजारच्या खुर्चीत बसलीस. त्यांनी तुला सगळे मासे दाखवले, वरचे, मधले, तळाचे. कोण कोणाशेजारी राहतो आणि कोणाला कोणाबरोबर ठेवायचं नाही. तू सगळं पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं ऐकलंस. सकर कुठे राहतो असंही विचारलंस.

मग त्यांनी तुला विचारलं, तुम्ही कुठून आलात? तू गावाचं नाव सांगितलंस. ते म्हणाले, “आमची मुलगी तिकडेच असते. तिने काही केलं नव्हतं. मी तिला उगाच मारलं. तुमच्या बघण्यात आहे का?”

नर्सबाई म्हणाल्या, तू पर्स उचलून मांडीवर घेतलीस. त्यांना वाटलं, उठून जाणार. मग तू म्हणालीस, “शोधते मी.”

तू निघालीस तेव्हा त्यांनी तुला लिफ्टपर्यंत सोडलं आणि बटण त्यांनीच दाबलं. बरोबर दाबलं.

तू माझी चौकशी केली नाहीस, हेही नर्सबाईंनी सांगितलं. सांगायला नको होतं असं त्यांना मागून वाटलं. मला तसं वाटत नाही.

एवढ्यासाठीच लिहितेय. माझं कामावरून यायचं ठरलेलं आहे, साडेसहाच्या आत मी कधीच येत नाही. सुट्टीच्या दिवशी यायचं असेल तर नर्सबाईंना आदल्या दिवशी निरोप ठेव, मी तेवढा वेळ बाहेर असेन. पुढे निवृत्त झाले तरी हेच. तू असताना मी घरात नसेन. तुझ्या खोलीतलं शिलाई मशीन काल बाहेर काढलं आहे. कपाट जड आहे, त्याला दोन माणसं लागतील.

आणि एक गोष्ट. बाबांना आदल्या दिवसाचं आठवत नाही, हे तुला लिहिलं आहेच. पण तुझं येणं मंगळवारी झालं आणि आज गुरुवार आहे. आज जेवताना त्यांनी घास थांबवला आणि मला विचारलं, “ती बाई परत कधी येणार? पोरीला शोधून देते म्हणालीय.”

मी मंगळवार सांगितलाय. चुकलं असेल तर कळव, त्यांना दुसरा वार सांगेन.

बाई